किल्ली काढली तरी

माझ्या सलूनच्या आरशात गिऱ्हाइकाला दोन तोंडं दिसतात, एक त्याचं आणि एक माझं. त्यातलं त्याचं बहुतेक वेळ बंद असतं. तो वाक्य सुरू करतो, मी पुरं करतो. ‘परवा माझ्या पाठीत...’ एवढं तो म्हणाला, की ‘उसण भरली असेल, गरम पाण्यानं शेका’ हे सांगून मी मोकळा. अशी किती वाक्यं मी आजवर लोकांच्या तोंडातून काढून घेतली असतील, देव जाणे. त्यामुळे जगातल्या प्रत्येक धंद्याचं अर्धं ज्ञान माझ्याकडे आहे. पहिलं अर्धं. दुसरं अर्धं माझं मीच बनवलेलं आहे. गिऱ्हाइकं मला ‘रेडिओ’ म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायची, आता तोंडावर म्हणतात आणि मी ओ देतो.

माझा थोरला भाऊ याच्या अगदी उलट. आम्हा दोघांच्या वाटणीचं बोलणं तू एकट्यानंच संपवलंस, असं आई मला म्हणायची. दादानं जन्मभर स्वतःची डिझेल गाडी भाड्यानं चालवली. मागे बसलेल्यांना त्याची फक्त मान आठवते. ती मान मी कापलेल्या केसांमुळे चांगली दिसायची, असं मी त्याला नेहमी ऐकवायचो. तो ‘हं’ म्हणायचा. त्याच्या ‘हं’मध्ये बरंच काही असायचं, पण तेवढं थांबून ऐकायला मला वेळ कुठे होता?

गेल्या वर्षी दादाला झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. वहिनी आधीच गेलेली आणि मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. म्हणून आम्ही दादाला आमच्याकडे आणलं. त्याच्यामागोमाग त्याची गाडीही आली, तीही त्याच्यासारखीच, वयानं मोठी आणि कोपऱ्यात गुपचूप उभी राहणारी.

दिवसभर दादा सलूनमधल्या दुसऱ्या खुर्चीत बसायचा. गिऱ्हाईक विचारायचं, ‘काय, बरं आहे का आता?’ मी सांगायचो, ‘खूपच बरं आहे.’ ‘चहा घेणार का?’ मी सांगायचो, ‘तो आत्ताच प्यायलाय.’ पुतण्या फोनवर म्हणायचा, ‘काका, बाबांना थोडे दिवस माझ्याकडे यायला आवडेल का? विचारून बघा ना.’ आणि मी दादाकडे न बघताच उत्तर द्यायचो, ‘छे, त्याला इथे छान करमतं. आणि तो गाडीतून फिरतो ना आठवड्यातून एकदा, त्याचा जीव आहे त्या गाडीत.’

जीव होता, हे खोटं नव्हतं. दर आठवड्याला मी त्याला त्याच गाडीतून दवाखान्यात न्यायचो. तिथे एक बाई त्याला पुन्हा बोलायला शिकवत होत्या. दवाखाना पार गावाच्या टोकाला, बस तिकडे जात नाही. बाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘यांना वेळ द्या. यांचं वाक्य तुम्ही...’

‘पुरं करायचं नाही,’ मी म्हणालो.

‘बघा,’ बाई म्हणाल्या, ‘आत्ता माझंही केलंत.’

मी मोठ्यानं हसलो. दादा हसला नाही. आणि इतके महिने होऊन गेले तरी त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

तर असेच एकदा आम्ही दवाखान्याच्या आवारात पोचलो. मी गाडी लावली, किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली आणि बोलत बोलत खाली उतरलो. दार लावलं. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं, की गाडी अजून चालूच आहे. नुसती चालू नव्हे, खुशाल घरघरत उभी आहे.

दारावरचा वॉचमन पुढे आला. ‘गाडी बंद करा ना, साहेब.’

‘केलीय.’

‘मग ही काय करतेय?’

मी खिशातून किल्ली काढून त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं किल्लीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे असं बघितलं, की जणू गाडीपेक्षा मलाच आत नेऊन दाखवायची गरज आहे. मी पुन्हा किल्ली घातली, फिरवली, काढली. गाडीनं दखलसुद्धा घेतली नाही. खिडक्यांतून पेशंट डोकावायला लागले.

आता माझ्या अर्ध्या ज्ञानाला कंठ फुटला. एका इलेक्ट्रिशियनची दाढी करताना मी ऐकलं होतं, की विजेशिवाय कुठलंच यंत्र... पुढचं मी पुरं केलं होतं. मी बॉनेट उघडलं आणि जमलेल्या मंडळींना समजावून सांगत बॅटरीची एक वायर उपसून काढली. ‘आता बघा,’ मी म्हणालो. मंडळींनी बघितलं. इंजिन चालूच. डिझेल इंजिनला एकदा सुरू झाल्यावर विजेची फिकीर नसते, हे दुसरं अर्धं ज्ञान मला नंतर कळलं.

इकडे गाडीतच बसून राहिलेला दादा डावा हात लांबवून गिअरचा दांडा हलवत होता. ‘कंटाळला बिचारा,’ मी लोकांना सांगितलं, ‘घरी चल म्हणतोय.’ दादानं दांडा आणखी जोरात हलवला. मग तो डोळे मिटून डोकं मागे टेकवून बसला. शेवटी वॉचमनच म्हणाला, ‘अहो, ते गिअर टाकून गाडी बंद पाडा म्हणत असतील.’ मी आत बसलो, ब्रेक दाबला, गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. गाडीला एक हिसका बसला, माझं कपाळ काचेला लागता लागता वाचलं आणि इंजिन बंद पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वॉचमनसाठी.

ही हकिकत बायकोनं त्याच संध्याकाळी पुतण्याला फोनवर सांगून टाकली. त्यानं फोन माझ्याकडे मागितला.

‘काका, मी रविवारी येतोय. बाबांना घेऊनच जावं म्हणतो. माझ्या घराजवळ चांगला दवाखाना आहे, चालत जाता येईल असा. आणि ती गाडी आता धोक्याची झालीय. ती नसली तर तुम्ही तरी त्यांना कसे नेणार?’

‘गाडीला काही झालेलं नाही,’ मी म्हणालो. ‘रविवारी ये आणि बघ.’

सरळ सांगतो, दादा मला इथेच हवा होता. आमचे आईवडील गेले, बहीण नव्हती, आणि लहानपणापासून मी ज्याच्याशी बोलत आलो तो हा एकच माणूस होता. तो उत्तर देत नव्हता हे खरं, पण पूर्वी तरी कुठे देत होता? आणि दादा इथे राहावा याचं माझ्याजवळ एकच धड कारण होतं, ते म्हणजे ही गाडी. तीच जर सांगितल्यावर थांबत नसेल, तर पुतण्यापुढे मी कुठल्या तोंडानं बोलणार? म्हणजे तोंड आहे, पण कारण नाही.

गॅरेजवाला माझं नेहमीचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणा, आत्ता जागा नाही. मी म्हणालो, ‘राहू दे, मीच बघतो.’ तो असा हसला, की मला रात्रभर राग आला.

सकाळी सलून उघडण्याआधी मी गाडीचं बॉनेट वर केलं. दादा हट्टानं पुढच्या सीटवर येऊन बसला होता. दार उघडं, एक पाय बाहेर. आत वाकून बघतो तर काय, एक बारीक काळी रबरी नळी, करंगळीपेक्षाही बारीक, इंजिनच्या कडेला लोंबत होती. तिचं एक टोक कुठेतरी आत गेलेलं होतं, दुसरं मोकळं.

‘सापडलं!’ मी ओरडलो. ‘दादा, नळी निघालीय!’

दादानं जोरजोरात मान हलवली. त्याला पुढे काहीतरी सांगायचं होतं. पण नळी निघालीय एवढं कळल्यावर ती कुठे बसवायची हे कळायला मला कोणाची गरज पडणार होती? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष शेळी सापडली होती. एका ट्रकवाल्यानं मला कधीतरी सांगितलं होतं, की गाडीतली प्रत्येक बारीक नळी ही पाण्याची... म्हणजे पाण्याचीच असणार. शोधलं तर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीला वरच्या बाजूला एक रिकामं तोंड सापडलं. नळी त्यावर अशी चपखल बसली, की जणू दोघांचं लहानपणीच ठरलेलं.

‘झालं!’ मी हात झटकले. गाडी सुरू केली. किल्ली काढली. गाडी चालूच.

पुन्हा गिअर, पुन्हा हिसका, पुन्हा बंद. दादानं डाव्या हातानं दारावर थाप मारली.

‘थांब, थांब,’ मी म्हणालो. ‘आपण विचार करू.’ आणि मी मोठ्यानं विचार करायला लागलो, कारण मनातल्या मनात विचार करणं मला येत नाही. पोटाच्या ऑपरेशनांचे एक डॉक्टर माझ्याकडे केस कापतात. त्यांनी एकदा सांगितलं होतं, की शरीरात एक भाग असा असतो, की त्याचा काहीही... उपयोग नसतो. तशी ही नळी असेल तर? कारखान्यात एखादी जास्तीची जोडून देत असतील. मी ती पाण्याच्या टाकीवरून काढली, गुंडाळली आणि रबरबँड लावून नीट बाजूला बांधून टाकली. दिसायला फार छान दिसत होती. गाडी सुरू केली. किल्ली काढली. पुढचं सांगत नाही.

या वेळी मी इंजिन बंद पाडलं नाही, तसंच घरघरत ठेवलं आणि बॉनेटखाली डोकं घालून बोलत राहिलो. पंप असेल. नाही, पंप नसेल. डिझेलमध्ये कचरा असेल. गॅरेजवाल्यानंच मागच्या खेपेला काहीतरी करून ठेवलं असेल, नाचता येईना अंगण वाकडं. किल्लीच झिजली असेल, किल्ल्यावाल्याकडे जाऊन नवीन... दादा उतरला होता. पाय ओढत तो माझ्या शेजारी आला, गाडीला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

‘ग...’ त्याच्या ओठांतून आवाज आला.

मी उडालोच. इतक्या महिन्यांत त्यानं काढलेलं पहिलं अक्षर! ‘काय? गाडी?’

त्यानं नाही म्हणून मान हलवली. ‘ग... ग...’

‘गरम? गरम होतंय इंजिन? गिअर? गिअर टाकू? गॅरेज! गॅरेजला न्यायची का? तो म्हणतोय पुढच्या आठवड्यात, तुला सांगितलं ना. गळती? डिझेल गळतंय? का गजर...’

‘गप!’ दादा ओरडला.

लहानपणी खोलीभर बडबड करत फिरायचो तेव्हा तो जसं म्हणायचा, तसंच अगदी खणखणीत. मी गप्प बसलो. खरं म्हणजे बसलो नाही, तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिलो, पण आतून आवाज येईना.

दादानं डावं बोट आधी स्वतःच्या कानाला लावलं, मग इंजिनकडे दाखवलं.

मी ऐकायला लागलो. आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या खालून एक बारीक आवाज, सतत, दात नसलेल्या म्हाताऱ्यानं श्वास आत ओढावा तसा. स्स्स. कालपासून तो तिथेच होता. माझ्या तोंडापुढे तो ऐकू यायची सोयच नव्हती.

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती लावायची कागदाची पट्टी माझ्या खिशात कायम असते. मी ती काढली, पंख्यापासून हात लांब ठेवून आवाजाच्या दिशेनं हळूहळू पुढे नेली. इंजिनपासून ब्रेकपर्यंत एक जाड नळी जाते, तिच्या अंगावर एक छोटीशी चोच होती. कागद जवळ गेला आणि चटकन तिला चिकटला. चोच हवा आत ओढत होती. मी दादाकडे बघितलं, बोललो नाही. दादानं मान डोलावली.

या जुन्या गाड्यांत इंजिन वीज तोडून बंद होत नाही. किल्ली फिरवली की ही हवेची ओढ त्या बारीक नळीतून जाते आणि डिझेलचं दार ओढून लावते. नळीच निघाली तर ओढणार कोण? कालपासून ब्रेकही जरा जड लागत होता, तोही याच गळतीमुळे. मी तो माझ्या नव्या बुटांचा दोष समजत होतो.

गिअर टाकून इंजिन बंद पाडलं. रबरबँड सोडून नळी हातात घेतली. तिचं टोक उकललं होतं, रबर कडक होऊन चिरलेलं, म्हणूनच ती निसटली होती. आता हे मात्र माझ्या धंद्यातलं काम होतं. केस असो की रबर, टोक उकललं की तेवढंच कापायचं. मी वस्तरा आणला, चिरलेला भाग साफ छाटला आणि ताजं टोक त्या चोचीवर दाबून बसवलं. दादानं डाव्या हातानं ओढून बघितलं. निघालं नाही. त्यानं मला बोटानं खूण केली, जा, बस.

गाडी सुरू केली. किल्ली फिरवली. इंजिन एकदम गप्प झालं. शेजारच्या घरातला नळसुद्धा ऐकू यायला लागला.

बायको स्वयंपाकघरातून ओले हात तसेच घेऊन धावत आली. ‘भाऊजी बोलले? मी ऐकलं! काय म्हणाले?’

‘मला गप म्हणाला.’

‘आम्हा सगळ्यांच्या मनातलंच बोलले,’ ती म्हणाली, आणि तिथेच गाडीच्या कडेला बसून पदरानं डोळे पुसायला लागली. मलाही भरून आलं. पण मी काही बोललो नाही, कारण नुकताच हुकूम झाला होता.

रविवारी पुतण्या आला तेव्हा मी त्याला आधी गाडीच दाखवली. सुरू, बंद. सुरू, बंद. बॅटरी बसेपर्यंत दाखवली असती, पण तोच म्हणाला, ‘पुरे, काका, पटलं.’ मी मनात म्हटलं, जिंकलो. गाडी थांबते, दादाला कंठ फुटला, तोही इथेच. आता याच्याकडे बोलायला काय उरलं?

आम्ही आत येऊन बसलो. पुतण्यानं खुर्ची ओढून दादाच्या समोर घेतली. ‘बाबा, माझ्याकडे येता का? तुम्हाला काय वाटतं?’

‘अरे, त्याला इथे...’ मी सुरुवात केली आणि दादानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतंच बघितलं, थांबून. मी उरलेलं वाक्य गिळलं. आयुष्यात मी इतकं मोठं काही गिळलं नसेल.

पुतण्या वाट बघत होता, बायको वाट बघत होती, आणि मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. दादाचे ओठ हलत होते. माझ्या मनात त्याचं उत्तर केव्हाच तयार होतं, एवढ्या महिन्यांत मी ते फोनवर कितीदा दिलं होतं. नाही. इथेच. करमतं.

‘ये...’ दादा म्हणाला. ‘येतो.’

पुतण्यानं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. दादा डाव्या हातानं त्याच्या केसांतून बोटं फिरवायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी आमच्या घरात एकदाही बघितलं नव्हतं. त्याला मुलाकडे जायचं होतं. कधीपासून, कोण जाणे. मी त्याला विचारलंच नव्हतं, नुसती उत्तरं देत होतो. पुतण्या मान वर करून म्हणाला, ‘काका, तुम्ही काहीतरी बोला ना.’ आणि मला, रेडिओला, एक शब्द सुचेना.

दुपारी पुतण्या सामान त्याच गाडीत भरत होता तेव्हा मी दादाला सलूनमध्ये नेलं, शटर अर्धं ओढलं. मुलाच्या घरी जायचं तर केस नीट हवेत. खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं आणि कात्री चालवायला लागलो. आरशात दोन तोंडं होती आणि दोन्ही बंद.

‘डा... डावी... कडे,’ दादा मधेच म्हणाला.

मी थांबलो. पुढचा शब्द मला कळला होता, जिभेच्या टोकावर आला होता. मी ओठ दाबून उभा राहिलो.

‘जा... स्त.’

आजारपणानंतरचं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य, आणि तेही माझ्या कामातली खोड काढणारं. बघितलं तर खरंच डावीकडे जास्त राहिले होते. मी ते कापले. मग उजवीकडे जरा जास्त वाटले, तेही कापले. मग पुन्हा डावीकडे. बाहेरून पुतण्या एकदा डोकावून गेला, थोड्या वेळानं पुन्हा डोकावला. दादाच्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. आरशात त्यालाही ते दिसत होतं, पण तो मान खाली घालून बसून राहिला. मी हवेतच कात्री चालवत राहिलो.